निरोगी स्त्रीच्या रक्तातील ‘कॅन्सर मार्कर’ : एक प्रतिवाद

स्त्रियांसाठीच्या आरोग्य तपासणीच्या पॅकेजांत रक्तातील साखर, चरबी आणि थायरॉइड यांच्या जोडीला आता सीए-१२५, सीए १५-३, सीईए, सीए १९-९ अशी नावे सर्रास दिसू लागली आहेत. ‘ट्यूमर मार्कर’ म्हणून दिल्या जाणाऱ्या या चाचण्यांच्या बाजूने जो युक्तिवाद केला जातो तो प्रथमदर्शनी पटण्यासारखा आहे. तो असा : वाढलेले वजन आणि मधुमेह असलेल्या स्त्रियांमध्ये काही कर्करोगांचे प्रमाण अधिक असते, चयापचय, म्हणजे अन्नातून ऊर्जा मिळवून ती वापरण्याची आणि साठवण्याची शरीराची व्यवस्था, बिघडल्याचे रक्तातून कळते, कर्करोगाच्या गाठी रक्तात काही प्रथिने सोडतात आणि तीही मोजता येतात, तेव्हा एकदा सुई टोचलीच आहे तर त्याच रक्तातून दोन्ही गोष्टी पाहून घ्याव्यात. यातली पहिली तीन विधाने खरी आहेत. चौथे त्यांच्यातून निघत नाही, आणि ते निघते असे गृहीत धरून छत्रपती संभाजीनगरसारख्या शहरात, जिथे मराठवाड्याच्या कानाकोपऱ्यांतून स्त्रिया उपचारांसाठी येतात, या चाचण्या निरोगी स्त्रियांना लिहून दिल्या जातात तेव्हा त्यांचे नुकसान होते, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

चयापचय आणि कर्करोग यांच्या नात्याविषयी वाद नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१६ मध्ये उपलब्ध पुराव्याची छाननी करून शरीरातील अतिरिक्त चरबीशी संबंध असलेले १३ कर्करोग निश्चित केले, आणि त्यांत रजोनिवृत्तीनंतरचा स्तनाचा कर्करोग, गर्भाशयाच्या अस्तराचा, अंडाशयाचा, मोठ्या आतड्याचा, पित्ताशयाचा आणि स्वादुपिंडाचा कर्करोग यांचा समावेश आहे. पाळी कायमची थांबल्यावर अंडाशये इस्ट्रोजेन हे संप्रेरक बनवणे जवळजवळ बंद करतात. परंतु चरबीच्या पेशींत अ‍ॅरोमाटेज नावाचे विकर असते, जे इतर संप्रेरकांचे इस्ट्रोजेनमध्ये रूपांतर करीत राहते, त्यामुळे चरबी जितकी अधिक तितके हे उशिराचे इस्ट्रोजेन अधिक, आणि गर्भाशयाच्या अस्तराला व स्तनाच्या ऊतींना वाढीची चिथावणीही अधिक. इन्शुलिनचा परिणाम होईनासा झाला की शरीर ते जास्त प्रमाणात स्रवू लागते, आणि वाढलेले इन्शुलिन यकृतात तयार होणारे, लैंगिक संप्रेरकांना बांधून ठेवणारे प्रथिन कमी करते, म्हणजे मोकळे इस्ट्रोजेन आणखी वाढते. अंडाशयात अनेक लहान पुटिका होऊन पाळी महिनोन्‌महिने लांबणाऱ्या पीसीओएस या विकारात गर्भाशयाच्या अस्तराच्या कर्करोगाचा धोका वाढतो, आणि त्यात या वाटेचाही हात आहे. धोका अधिक आहे एवढे यातून सिद्ध होते. तो धोका कोणत्या चाचणीने ओळखता येतो, हा प्रश्न मात्र अजून शिल्लकच राहतो, आणि मार्करच्या समर्थनात नेमका तोच गाळला जातो.

सीए-१२५ चे उदाहरण सर्वांत बोलके आहे. अमेरिकेतील रॉबर्ट बास्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये अंडाशयाच्या कर्करोगाच्या पेशींना चिकटणारे प्रतिपिंड तयार केले आणि १९८३ मध्ये त्याच्या आधारे रक्तचाचणी प्रसिद्ध केली. मिलिलिटरमागे ३५ युनिट ही आजही प्रत्येक रिपोर्टवर छापली जाणारी मर्यादा त्याच अभ्यासातली आहे : ८८८ निरोगी व्यक्तींपैकी १ टक्क्यात आणि अंडाशयाचा कर्करोग असलेल्या १०१ रुग्णांपैकी ८२ टक्क्यांत पातळी तिच्या वर निघाली. आकडे प्रभावी आहेत, परंतु त्या १०१ स्त्रियांना कर्करोग असल्याचे आधीच ठाऊक होते. ज्यांना काहीही त्रास नाही अशा हजारो स्त्रियांतून रोग हुडकून काढण्यासाठी ती मर्यादा ठरलेली नव्हती. शिवाय ज्या प्रथिनाचे हे मोजमाप आहे ते कर्करोगाची खासगी मालमत्ता नाही. पोटाच्या, फुप्फुसांच्या आणि हृदयाच्या आवरणांच्या पेशीही ते बनवतात, म्हणून या आवरणांना चेतवणारी कोणतीही गोष्ट त्याची पातळी वाढवते : पाळीचे दिवस, गर्भारपणाचे पहिले महिने, गर्भाशयाचे अस्तर गर्भाशयाबाहेर वाढण्याचा एंडोमेट्रिओसिस हा विकार, गर्भाशयातील साध्या गाठी, ओटीपोटातील जंतुसंसर्ग, यकृताचा सिऱ्होसिस, हृदय कमजोर पडून पाणी साचणे. पोटाचा क्षयरोग या यादीत वेगळा सांगितला पाहिजे, कारण त्यात सीए-१२५ शेकड्यांत जाते, पोटात पाणी होते, वजन घटते आणि सोनोग्राफीत गाठीसारखी सावली दिसते. अंडाशयाचा पसरलेला कर्करोग समजून पोट उघडावे आणि आत औषधांनी बरा होणारा क्षय निघावा, असे प्रसंग भारतीय वैद्यकीय नियतकालिकांत वारंवार नोंदले गेले आहेत. ज्या देशात क्षयरोग अजून घरोघरी माहीत आहे, तिथे या चाचणीचा आकडा युरोपातल्या आकड्यासारखा वाचता येत नाही.

यापुढचा मुद्दा मार्करच्या समर्थकांनी सर्वांत कमी विचारात घेतलेला आहे. चयापचय बिघडलेल्या स्त्रीमध्ये या चाचण्या अधिक उपयोगी पडतील अशी त्यांची अपेक्षा असते, आणि प्रत्यक्षात तिच्याच रक्तात त्या अधिक दुर्बोध होतात. सीए १९-९ हा स्वादुपिंडाच्या कर्करोगात वाढणारा मार्कर साखर आटोक्यात नसलेल्या मधुमेहातही वाढतो आणि साखर ताब्यात आली की पुष्कळदा खाली येतो. शिवाय काही टक्के माणसांत रक्तगटाशी संबंधित लुईस प्रतिजन जन्मतःच नसते, त्यांच्यात कर्करोग असला तरी तो जवळजवळ तयारच होत नाही. सीईए हा मोठ्या आतड्याच्या कर्करोगाशी जोडलेला मार्कर शरीराबाहेर टाकण्याचे काम यकृताचे आहे, म्हणून यकृताच्या विकारांत तो साचतो, धूम्रपान करणाऱ्यांत तो मुळातच जास्त असतो, आणि पूर्व आशियातील आरोग्य तपासण्यांच्या नोंदींवर आधारलेल्या अनेक अभ्यासांत चयापचयाच्या बिघाडाशी त्याच्या किंचित वाढीचा संबंध आढळला आहे. अंडाशयासाठी वापरला जाणारा एचई-४ हा मार्कर मूत्रपिंडांचे काम मंदावले की चढतो, आणि मूत्रपिंडे मंदावण्याचे एक मोठे कारण मधुमेहच आहे. म्हणजे ज्या स्त्रीला ‘तुम्हाला शुगर आहे, वजन जास्त आहे, म्हणून मार्कर करून घ्या’ असे सांगितले जाते, तिच्या रिपोर्टमधील वाढीचे कारण ती शुगरच असण्याची शक्यता मोठी असते. आणि चयापचयाशी ज्याचे नाते सर्वांत घट्ट, त्या गर्भाशयाच्या अस्तराच्या कर्करोगासाठी निरोगी स्त्रीत वापरता येईल असा एकही रक्तमार्कर नाही. सुरुवातीच्या अवस्थेत सीए-१२५ बहुधा सामान्यच असते. त्या रोगाची पहिली खूण पाळी गेल्यानंतर पुन्हा होणारा रक्तस्राव ही आहे, आणि ती ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही. रिपोर्ट ‘नॉर्मल’ आला म्हणून तो रक्तस्राव अंगावर काढणारी स्त्री या चाचणीमुळे अधिक सुरक्षित झाली, असे कोणत्या आधारावर म्हणायचे?

रोग विरळ असला की चांगली चाचणीही बहुतेक वेळा चुकीचाच इशारा देते, हे गणित कितीही जुने असले तरी मांडावे लागते. समजा, १०,००० निरोगी स्त्रियांत अंडाशयाचा कर्करोग लपून असलेल्या ४ स्त्रिया आहेत, चाचणी अशा चौघींपैकी तिघींना पकडते आणि निरोगी स्त्रियांपैकी अवघ्या २ टक्के स्त्रियांत चुकते. तरीही सुमारे २०० निरोगी स्त्रियांच्या हाती ‘वाढलेला’ रिपोर्ट पडेल आणि त्यांच्यासोबत खऱ्या रुग्ण तीनच असतील. महाराष्ट्रातील कर्करोग नोंदण्यांत अंडाशयाच्या नव्या कर्करोगाचे प्रमाण दर लाख स्त्रियांमागे वर्षाला एक अंकी आहे, म्हणून वरची गृहीतके चाचणीवर अन्याय करणारी नाहीत. हेच गणित मधुमेहाला लावले की उलटे फिरते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार प्रौढांपैकी ११.४ टक्के मधुमेही आणि आणखी १५.३ टक्के त्याच्या उंबरठ्यावर आहेत; जिथे चौथा माणूस सापडणारच आहे, तिथे साधी साखरेची चाचणीही भरपूर काही सांगून जाते. एकाच पॅकेजमध्ये शेजारीशेजारी छापलेल्या या दोन ओळींचे मोल इतके भिन्न आहे, आणि घाबरलेली स्त्री नेमकी मार्करच्या ओळीमागे धावते, साखरेची ओळ तशीच राहते.

‘लवकर सापडले की जीव वाचतो’ हे दुसरे समर्थन. ते तर्काने सोडवण्याची गरज नाही, कारण ते प्रत्यक्ष तपासले गेले आहे. अमेरिकेत ५५ ते ७४ वयाच्या ७८,२१६ स्त्रियांच्या चाचणी-प्रयोगात निम्म्या स्त्रियांची सीए-१२५ आणि योनिमार्गे सोनोग्राफी यांनी वर्षानुवर्षे तपासणी केली गेली. २०११ मध्ये निष्कर्ष आले तेव्हा अंडाशयाच्या कर्करोगाने तपासणी झालेल्या गटात ११८ आणि दुसऱ्या गटात १०० मृत्यू झाले होते. तपासणीत ३,२८५ स्त्रियांना खोटा इशारा मिळाला, त्यांपैकी १,०८० जणींची शस्त्रक्रिया झाली आणि १६३ जणींना त्यातून किमान एक गंभीर गुंतागुंत भोगावी लागली. ब्रिटनमधील प्रयोग याहून मोठा आणि याहून शहाणा होता : दोन लाखांवर स्त्रिया, एका मर्यादेऐवजी सीए-१२५ च्या वर्षागणिक बदलत्या चढउताराचे गणित, आणि सुमारे सोळा वर्षांचा पाठपुरावा. त्यात प्राथमिक अवस्थेतले कर्करोग अधिक सापडलेही. तरी २०२१ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या अंतिम निष्कर्षात मृत्यू कमी झाल्याचे दिसले नाही. जगातील सर्वोत्तम व्यवस्थेत जी गोष्ट साधली नाही, ती वर्षातून एकदा, एका सवलतीच्या पॅकेजमधून, पुढच्या पाठपुराव्याची कोणतीही तजवीज नसताना साधेल असे म्हणणाऱ्यांवर पुराव्याची जबाबदारी आहे. स्तनासाठी सीए १५-३ ची बाजू याहूनही लंगडी आहे. लहान गाठीत तो बहुधा वाढतच नाही आणि पसरलेल्या रोगावर उपचार लागू पडतात की नाही हे पाहण्यापुरताच त्याचा वापर आहे.

‘जाणून घेण्यात बिघडते काय?’ असा प्रश्न यानंतर येतो, आणि त्याचे उत्तर शोधायला मराठवाड्याबाहेर जावे लागत नाही. शेजारच्या बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भपिशव्या मोठ्या संख्येने काढल्या जात असल्याचा प्रश्न २०१९ मध्ये विधिमंडळापर्यंत गेला, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि ८२,३०९ स्त्रियांच्या पाहणीत १३,८६१ जणींची ही शस्त्रक्रिया झाल्याचे आढळले. त्यामागे मुकादमाची उचल, पाळीच्या दिवसांचा बुडणारा रोज, फडावरची नसलेली सोय अशी अनेक कारणे होती. त्या शस्त्रक्रिया मार्करमुळे झाल्या असे येथे म्हणायचे नाही. परंतु ‘पिशवी काढली नाही तर पुढे कॅन्सर होईल’ हे शब्द डॉक्टरांकडून ऐकल्याचे त्या स्त्रियांपैकी अनेकींनी सांगितले होते, आणि कर्करोगाची नुसती शंका दाखवली की या प्रदेशातील स्त्री किती लवकर ऑपरेशनच्या टेबलावर पोहोचते, हे त्यातून दिसले. त्या शंकेला आता एक छापील आकडा आणि त्याच्यापुढे ठळक अक्षरात ‘हाय’ असे लिहून मिळाले तर काय होईल, याचा विचार चाचणी लिहिणाऱ्याने करायला हवा.

गर्भाशयासोबत अंडाशयेही काढली जातात तेव्हा नुकसान चयापचयाच्याच खात्यावर पडते. पाळी नैसर्गिकरीत्या जाण्याआधी दोन्ही अंडाशये काढली की त्यांच्याकडून येणारे इस्ट्रोजेन एकाएकी थांबते. हाडे झिजू लागतात, पोटाभोवती चरबी साठते, हृदयविकाराचा धोका वाढतो. अमेरिकेतील परिचारिकांच्या दीर्घकालीन अभ्यासातून २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, गर्भाशय काढलेल्या २९,३८० स्त्रियांच्या विश्लेषणात अंडाशयेही काढलेल्या स्त्रियांमध्ये अंडाशयाचा कर्करोग अर्थातच कमी होता, स्तनाचाही कमी होता, परंतु हृदयविकार आणि एकूण मृत्यू अधिक होते. कर्करोगाच्या भीतीने चयापचयाचे रक्षण करायला निघालेली तपासणी तेच चयापचय मोडू शकते, हा आक्षेप केवळ तात्त्विक नाही.

मार्करच्या बाजूचा सर्वांत भक्कम मुद्दा वैद्यकीय नाही, सामाजिक आहे, आणि त्याला टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. घरातल्या सर्वांचे दुखणेखुपणे पाहणारी बाई स्वतःच्या तपासणीसाठी घराबाहेर पडत नाही. पॅकेजच्या निमित्ताने ती एकदा तरी लॅबची पायरी चढते, तिचा रक्तदाब आणि साखर कळते, आणि ‘कॅन्सर’ हा शब्दच तिला आणि तिच्या घरच्यांना हलवतो. हे खरे आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत ३० ते ४९ वयाच्या भारतीय स्त्रियांपैकी गर्भाशयमुखाची तपासणी आयुष्यात एकदा तरी झालेल्या १.९ टक्के आणि स्तनांची तपासणी झालेल्या ०.९ टक्के होत्या. इतक्या दुष्काळात कोणतेही निमित्त मोलाचे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु याच आकड्यांतून या मुद्द्याचे उत्तरही मिळते : ज्या दोन तपासण्या करायच्या त्या होत नाहीत आणि त्यांची जागा घेऊ न शकणारी तिसरी होते, मग ‘माझी कॅन्सरची तपासणी झाली आहे’ असे समाधान घेऊन ती स्त्री पहिल्या दोन तपासण्यांपासून आणखी दूर जाते.

आणि पहिल्या दोन तपासण्यांचा पुरावा तर याच मातीतला आहे. उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात १९९९ पासून बार्शीचे नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालय, मुंबईचे टाटा स्मारक केंद्र आणि जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था यांनी ३० ते ५९ वयाच्या सुमारे १,३१,००० ग्रामीण स्त्रियांमध्ये केलेल्या प्रयोगात, गर्भाशयमुखाच्या कर्करोगास कारण असलेल्या एचपीव्ही या विषाणूची चाचणी आयुष्यात एकदाच केलेल्या गटात त्या कर्करोगाने ३४ आणि तपासणी न झालेल्या गटात ६४ मृत्यू झाले. आर. शंकरनारायणन, भगवान नेने आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेला हा निष्कर्ष जगभराच्या धोरणांचा आधार झाला. तपासणीविना ठेवलेल्या गटावरून या प्रयोगावर नैतिक आक्षेपही घेतले गेले, आणि ते गंभीर होते. ज्या स्त्रियांनी ती किंमत मोजली त्यांच्याच प्रदेशात त्या पुराव्याकडे पाठ फिरवून पुरावा नसलेल्या रक्तचाचणीला प्रतिष्ठा मिळावी, हे म्हणूनच अधिक क्लेशदायक आहे. मुंबईतील झोपडवस्त्यांत १९९८ पासून चाललेल्या टाटा स्मारकाच्या प्रयोगात प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी हाताने केलेल्या स्तनतपासणीमुळे सर्व वयांच्या स्त्रियांतील स्तनाच्या कर्करोगाच्या मृत्यूंतील घट संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरली नाही, परंतु पन्नाशी ओलांडलेल्या स्त्रियांत स्तनाच्या कर्करोगाचे मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी घटले. पन्नाशीनंतरचा हा कर्करोगच चरबीशी जोडलेला आहे, हे येथे लक्षात घ्यावे.

चयापचयाच्या तपासणीसाठीही हीच साधी माणसे आणि साधने पुरेशी आहेत. आशाताई तिशीपुढील प्रत्येक व्यक्तीसाठी जो सरकारी तपासणी-फॉर्म भरतात त्यात कमरेचा घेर विचारलेला आहे, स्त्रीसाठी ८० सेंटिमीटरच्या पुढे गुण वाढत जातात, आणि त्याच कागदावर स्तनातील गाठ, दोन पाळ्यांच्या मधला रक्तस्राव, पाळी गेल्यानंतरचा आणि शरीरसंबंधानंतरचा रक्तस्राव यांविषयीचे प्रश्न आहेत. चयापचय आणि कर्करोग यांना एकत्र पाहण्याची मागणी करणाऱ्यांना हवी असलेली जोड या कागदावर आधीच घातलेली आहे, तीही फुकट. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील चित्तरंजन याज्ञिक यांच्या कामाने दाखवून दिले की भारतीय शरीर बारीक दिसूनही चरबीने भरलेले असू शकते, म्हणून वजनाच्या काट्यापेक्षा कमरेची टेप येथे जास्त सांगते. गर्भारपणात साखर वाढली होती का, या एका प्रश्नाचे ‘हो’ हे उत्तर पुढील मधुमेहाचा धोका कित्येक पटींनी वाढल्याचे सांगते. तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी एचबीए१सी चाचणीही येथे सावधपणे वाचावी लागते, कारण लोहाच्या कमतरतेने होणाऱ्या रक्तक्षयात ती खोटी वाढलेली दिसू शकते आणि महाराष्ट्रातील निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आहे. उपाशीपोटीची साखर सोबत पाहिली की हा घोळ बराच टळतो.

मार्कर टाकाऊ आहेत असा याचा अर्थ नाही. द्राक्षगर्भ, म्हणजे वारेची विकृत वाढ झालेली गर्भधारणा, काढून टाकल्यावर बीटा-एचसीजीची पातळी दर आठवड्याला पाहणे हा स्त्रीरोगशास्त्रातील जीव वाचवणारा नियम आहे. आतड्याच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेनंतर सीईए आणि अंडाशयाच्या कर्करोगाच्या उपचारांत सीए-१२५ यांचे स्थान पक्के आहे, आणि रजोनिवृत्त स्त्रीच्या पोटात सोनोग्राफीने गाठ दिसली असेल तर ती गाठ कोणत्या शल्यविशारदाकडे न्यावी हे ठरवायला सीए-१२५ मदत करते. घरात आई, बहीण, मावशी यांना स्तनाचा किंवा अंडाशयाचा कर्करोग झालेला असेल तर प्रश्न वेगळा होतो आणि त्याचे उत्तर बीआरसीए जनुकांच्या तपासणीतून व समुपदेशनातून शोधावे लागते, मार्करमधून नव्हे.

राहता राहिली ती स्त्री, जिच्या हाती किंचित वाढलेल्या मार्करचा रिपोर्ट आलेलाच आहे. तो पाळीच्या दिवसांत काढला होता का, गर्भारपणाची शक्यता आहे का, ओटीपोटात दुखते का, खोकला, ताप किंवा वजनातली घट आहे का, हे तिला विचारले गेले पाहिजे. तिची साखर, यकृत आणि मूत्रपिंडे पाहिली गेली पाहिजेत, ओटीपोटाची एक चांगली सोनोग्राफी झाली पाहिजे आणि चाचणी काही आठवड्यांनी त्याच प्रयोगशाळेत पुन्हा झाली पाहिजे. सोनोग्राफी स्वच्छ असताना आणि कुटुंबात तसा इतिहास नसताना केवळ आकड्यावरून अंडाशये काढण्याचा सल्ला मिळाला, तर शस्त्रक्रियेची तारीख ठरण्याआधी ते सर्व कागद घेऊन छत्रपती संभाजीनगरमधील ‘घाटी’ या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयातील स्त्रीरोग विभागात किंवा २०१२ पासून आमखास मैदानाजवळ सुरू असलेल्या, आज राज्य कर्करोग संस्था झालेल्या शासकीय कर्करोग रुग्णालयात दुसरे मत घेण्याचा तिला हक्क आहे, आणि ही गोष्ट तिला चाचणी लिहून देणाऱ्यानेच सांगायला हवी.